मावशी, त्या दंडासाठी आभार

ती. मावशी,
सा. न. वि. वि.

तुमच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आल्याचं मला वॉचमनकडून कळलं. इमारत पुनर्विकासाला गेली आणि तुम्ही मुलाकडे हुबळीला. तुम्ही मराठी फर्डं बोलता, पण वाचता कानडी, म्हणून हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवणार आहे. तसं मी तिच्याशी बोलून ठेवलंय. पत्र सगळ्यांसमोर लिहितेय त्याला कारण आहे. आज पुष्कळ घरांत आजीची लुगडी ट्रंकेत पडून आहेत. त्यांचं काय करायचं, दंड घालून म्हणजे तुकडे जोडून ती पुन्हा कशी नेसायची, ते सांगणारं माणूस मला पेठेतल्या आठ बाय दहाच्या फॉल-पिकोच्या दुकानात भेटलं, हे इतरांनाही कळावं.

आमची ट्रंक आईच्या माहेराहून, कर्नाटकाच्या सीमेवरच्या जत तालुक्यातून आली होती. आत इरकली लुगडी, एक चंद्रकळा, एक पैठणी आणि खणाच्या चोळ्यांचं गाठोडं. घरात बैठक बसली. काकूंचं मत गोधड्यांकडे, कारण वाकळीला जुन्या इरकलीसारखं कापड नाही. चुलतबहिणीला उशांचे अभ्रे हवे होते. बोहारीण आता आमच्या सोसायटीत शिरू शकत नाही, नाहीतर दोन-तीन लुगड्यांच्या बदल्यात स्टीलचा डबा आला असता. मी त्यातली चार लुगडी पिशवीत घालून तुमच्याकडे आणली ती फक्त फॉल लावून मिळेल का, हे विचारायला.

तुम्ही फॉलचं नावसुद्धा काढलं नाहीत. लुगडं उलगडून ट्यूबलाइटसमोर आडवं धरलंत आणि वारावाराने सरकवत गेलात. जिथून उजेड जास्त येत होता तिथे खडूने रेघ. मग पदराशी येऊन थांबलात, कापड उलटं केलंत आणि अंग जिथे संपतं नि पदर सुरू होतो तो सांधा मला बोटाने चाचपायला लावलात. सुती अंगाचा ताणा आणि रेशमी पदराचा ताणा वेगळा असतो, आणि एकेक धागा फासात फास अडकवून दोन्ही जोडलेले असतात. तुमचं माहेर कर्नाटकातल्या इलकलजवळचं, ज्या गावावरून इरकल हे नाव आलं. लहानपणी हे फास घालायला तुम्हालाही बसवायचे, कारण बारीक बोटं लागतात. इरकल म्हणून मिळणाऱ्या आजच्या कितीतरी साड्यांवर हा सांधाच नसतो, पदर आपला अंगाबरोबर एकसलग विणून आलेला. तेव्हापासून कुठल्याही दुकानात मी आधी साडी उलटी करते. दुकानदारांना ते फारसं आवडत नाही.

लाल पदरावरची पांढरी नक्षी मी आयुष्यभर पाहिली होती, पण ती नुसती रेघोट्यांची म्हणून. ही फणी, हा किल्ल्याचा कोट, ही जोंधळ्याची कणसं, असं तुम्ही एकेक दाखवत गेलात आणि माझ्याशी मराठीत बोलता बोलता कानडीत गेलात. आजीलाही तशीच सवय होती. जतकडच्या बायकांना दोन्ही भाषा लागतात.

नऊवारी विरते ती बसण्याच्या जागी. काष्ट्याला, मांडीखाली. पदर आणि दुसरं टोक पुष्कळदा धडधाकट असतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, आणि सहावारीला साडेपाच मीटर पुरतात. तेव्हा मधले अडीच वार गेले तरी नेसण्याजोगी साडी उरते, हा हिशेब तुम्ही बिलबुकाच्या मागे मांडून दाखवलात. फक्त दोन तुकडे जोडायला हवेत, म्हणजे दंड घालायला हवा. आणि दंड नेमका कुठे यावा हे ठरवायला तुम्ही मला कपड्यांवरूनच साडी गुंडाळली, निऱ्या घातल्या, टाचण्या लावल्या आणि विचारलंत, "लपवायचा का दाखवायचा?"

मी विचारात पडले. इतक्या वर्षांत कुठल्याही शिंप्याने मला असा पर्याय दिला नव्हता. त्यांच्या लेखी जोड म्हणजे लपवायचीच गोष्ट. मी लपवायचा म्हटलं. तुम्ही दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, मशीन बाजूला ठेवून, हाताने बारीक टाके घातलेत. उलट-सुलट कुठेच सुटी कड नाही. आज ती साडी धुऊन धुऊन मऊ झालीय आणि दंड अजून तसाच आहे.

खरी गंमत हिरव्या लुगड्याची झाली. त्याला आधीपासूनच दंड होता, आजीच्या हातचा. धागा वेगळ्याच रंगाचा, टाके एका रेषेत नाहीत. माझ्यासोबत आई आली होती. ती म्हणाली, हे उसवा आणि मशीनवर नीट घालून द्या. तुम्ही लुगडं जवळ ओढून घेतलंत. "ब्याड, ब्याड, नको. कात्री लावणार नाही मी ह्याला." आईला ते आवडलं नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. रिक्षात ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळातला दंड आहे तो. आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. नवं लुगडं घेण्याची सोयच नव्हती. गावात हळदीकुंकवाला जाताना ती दंडावर निरी येईल अशी नेसायची, आणि आईला बजावायची की माझ्या मागे उभी राहा. आई तेव्हा शाळेत होती.

आता तेच लुगडं नेसून मी बँकेत जाणार, हे आईच्या पचनी पडेना. जुनं नेसण्याची हौस ज्यांच्या घरी नवं घेण्याची ऐपत होती त्यांनाच परवडते, असं ती म्हणाली, आणि त्यात तथ्य आहे. हल्ली 'विंटेज' म्हणून जे मिरवलं जातं त्यात गरिबीची खूण अलंकारासारखी वापरलेली मी पाहते, मुद्दाम फाडलेले, मुद्दाम ठिगळ लावलेले कपडे हजारो रुपयांना. मला ते खटकतं. पण ट्रंकेत ठेवून कुसू देणं हा त्यावरचा उपाय नव्हे, हेही तितकंच खरं. तुम्ही या वादात पडलाच नाहीत. पुढच्या खेपेला आईला स्टूल दिलंत, चहा मागवलात आणि तिच्या कपाटात काय काय आहे ते विचारलंत. आई बोलायला लागली ती थांबेना. लग्नातल्या फुल व्हॉयलच्या साड्या, एक नायलॉनची, गुलाबी फुलांची. नायलॉनबद्दल तुमचा निकाल मला पाठ आहे: दिसायला झकास, पण चैत्र-वैशाखात नेसशील तर घामाने पोहशील. व्हॉयलच्या साड्या मात्र आईने स्वतःहून बाहेर काढल्या. बाजारहाटाला तीच नेसते आता.

आता बँकेतलं सांगते. मी इरकल नेसून जायला लागले तसं रोज कुणी ना कुणी विचारायचं, "आज काही विशेष?" कॅशियर विचारायचा, शिपाईमामा विचारायचे, पेन्शनला येणाऱ्या आजी तर थेट "कुणाचं लग्न?" असं. मी सांगायची, काही नाही, मंगळवार आहे. साडी म्हणजे कार्यक्रम, हे इतकं भिनलंय. आजी ह्याच लुगड्यात भाकऱ्या थापायची, म्हशीचं दूध काढायची. तिच्या दृष्टीने तो कामाचा कपडा होता, आणि मलाही तो कामाचाच हवा होता. स्कूटीवर बसता आलं पाहिजे, काउंटरच्या खुर्चीत आठ तास काढता आले पाहिजेत, पाऊस आला तर घोट्याच्या वर खोचता आली पाहिजे. ते जमलं त्यात अर्धा वाटा तुमच्या परकराचा. जाड सुती, कळ्यांचा, आणि उजव्या बाजूला किल्ली-मोबाइल मावेल एवढा खिसा. त्या खिशाचे पैसे तुम्ही शेवटपर्यंत घेतले नाहीत. आमच्या शाखेतल्या तिघीजणींनी तुमच्याकडून तसेच परकर शिवून घेतले. खिसा असलेला परकर दुकानांत का मिळत नाही हे मला पडलेलं जुनं कोडं आहे.

चोळ्यांचं तुम्ही काय केलंत तेही लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. गाठीच्या चोळ्या मला होणं शक्य नव्हतं, आजी माझ्या खांद्याला लागायची. पण त्या काळच्या शिवणीत आत दोन बोटं माया सोडलेली असते. ती उसवून, बगलेत कळी घालून दोन चोळ्या मला बरोबर बसल्या. कळीसाठी कापड बाहेरून आणलं नाहीत, लुगड्याच्या कापलेल्या मधल्या भागातला कडेचा धड तुकडा वापरलात. बाकीच्यांचे मुंढे फाटत आलेले, त्यांच्या बाह्यांचे काठ काढून नव्या साध्या ब्लाउजला लावलेत. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा लहान, दोन्ही बाजूंना काठ, म्हणून पूर्वीच्या बायका काठ बरोबर हाताच्या दंडावर, बाहीच्या कडेला येईल असं बेतत. तुम्ही माझ्या ब्लाउजलाही तसंच बेतलंत. आजकाल आल्टर करायला नेलेल्या रेडिमेड ब्लाउजमध्ये सोडायला कापडच नसतं, शिवणीला लागून कात्री मारलेली असते. पाच-सहा किलोने अंग भरलं की ब्लाउज गेला.

पैठणीला मात्र तुम्ही हात लावू दिला नाहीत. नऊवारी आहे तर नऊवारीच नेस, सहावारी करायला कापायची नाही. जुन्या साड्या विकत घेणारे पूर्वी दारोदार यायचे आणि जरीतली चांदी काढायला साड्या जाळायचे, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा आईने मान हलवली, तिनेही पाहिलं होतं. आमची वाचली ती वाचली. तिची जर काळवंडलीय, पण चिंच, टूथपेस्ट असलं काही लावायचं नाही, मऊ सुती धडप्यात गुंडाळायची, डांबरगोळी जरीला लागू द्यायची नाही, दर काही महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर रेशीम घडीवर चिरतं. हे सगळं मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. ब्लाउजला पिन लावताना मध्ये कापडाचा तुकडा घालायचं तर आता हाताला वळण पडलंय.

एक बदल तुम्हाला ऐकून बरा वाटेल. आमच्या कर्ज विभागातला एक मुलगा आजोबांचा लोकरी कोट घेऊन तुमच्याकडे आला होता, आठवतो? कोपरावर कसरीने खाल्लेलं भोक. तुम्ही म्हणालात हे रफूगाराचं काम, माझं नाही, आणि त्याला पत्ता दिलात. रफूगाराने कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागे काढून ताणा-बाणा विणला. आता थंडीत तो कोट घालतो, मनगटावर आजोबांचंच चावीचं एचएमटी. एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय सरकारने 2016 मध्ये गुंडाळला, पण ह्याचं घड्याळ रोज सकाळी चावी दिली की चालतं. त्यालाही विचारतात, आज काही विशेष? तोही वार सांगतो.

चंद्रकळेचं राहिलं. ती तुम्ही सर्वांत आधी नेसायला काढलीत, कारण तिला काही करायचंच नव्हतं. आमच्याकडे काळी साडी संक्रांतीलाच, एरवी नाही, असा दंडक. मी ऑडिटच्या दिवसांत नेसते. शाई सांडली, चहा सांडला, काही कळत नाही. आजी हसली असती.

तुम्ही गेल्यावर शेजारच्या गल्लीत एक नवं दुकान पाहिलं. पिको छान करतात, वेळेवर देतात. लुगडं उलगडून दाखवलं तर म्हणाले, ताई, ह्याचा लेहंगा मस्त होईल. मी घडी घालून परत आणलं.

तेव्हा आता कामाचं. हिरव्या लुगड्याच्या पदराच्या सांध्यात, डाव्या काठापासून साधारण वीतभर अंतरावर, दोन फास सुटलेत. फोटो नातीच्या फोनवर पाठवलाय, उलट्या बाजूचाही आहे. तिथे दोऱ्याने धरून ठेवू, की तुम्ही पाहीपर्यंत हातच लावायचा नाही? दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मी जतला जाणार आहोत, तिथून हुबळीला येऊ म्हणते. येताना आत्याचंही एक लुगडं आणेन, मधोमध विरलेलं. मशीन नसलं तरी चालेल. दंड तुम्ही सांगाल तसा मीच घालेन, आणि वाकडा गेला तर तुम्ही उसवायला लावाल हे गृहीत धरूनच येतेय. शिवाय खिशाचे पैसे या वेळी घ्यायचेच आहेत.

तुमची,
बँकवाली