बाथरूमच्या स्कर्टिंगविषयी मित्रास पत्र

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

बेसिनच्या बाजूच्या भिंतीला टाइल न लावता रंग द्यायचा आणि खाली, लेकीच्या अमेरिकेतल्या घरी पाहिली तशी, पांढरी लाकडी पट्टी, म्हणजे स्कर्टिंग, बसवायची, हा तुझा बेत पत्रातून समजला. पट्टी जरूर बसव. मात्र ती लाकडाची किंवा एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकडे बाथरूमची जमीन पुसून घेतात. आपल्याकडे बादलीभर पाणी ओतून खराटा फिरवल्याशिवाय कोणाचेच समाधान होत नाही. एमडीएफच्या खालच्या कापलेल्या कडेला रंगाचा हात क्वचितच लागतो, तिथूनच ते पाणी पिते, आणि मग फुगलेली कड नखाने खरवडली तरी भुगा निघतो. टिंबर मार्केटमध्ये तुला मरीन प्लायही दाखवतील. आयएस ७१० या भारतीय मानकाचा खरा प्लाय उकळत्या पाण्याच्या कसोटीला उतरतो, पण त्यात टिकतो तो थरांमधला डिंक. मागच्या भिंतीत चढणारी ओल त्याने थांबत नाही.

त्यापेक्षा जमिनीचीच टाइल काप. ६०० मिलिमीटरच्या टाइलमधून १०० मिलिमीटर उंचीच्या पाच पट्ट्या निघतात. टाइलची कारखान्यातून आलेली गुळगुळीत कड नेहमी वर ठेवायला सांग. मधल्या पट्ट्यांना ती नसते, म्हणून त्यांची वरची कड मशीनवर घासून घ्यावी लागेल, नाहीतर पोछा मारताना बोट कापते. वहिनींना नक्षीच हवी असेल, तर पीव्हीसीचे मोल्डिंग चालेल.

मिस्त्रीवर लक्ष ठेवायचे ते दोनच ठिकाणी. पट्टीच्या जागेवरची पुट्टी आणि रंग खरवडून प्लास्टर उघडे केलेच पाहिजे, कारण टाइल अ‍ॅडहेसिव्ह पुट्टीला धरते आणि पुढे पुट्टीच भिंत सोडते. खिळे किंवा स्क्रू नकोतच. भिंतीत पाइप कुठून गेले आहेत, हे बिल्डरच्या नकाशावरूनही खात्रीने सांगता येत नाही. दुसरे, पट्टी जमिनीला टेकवू नये. खाली दोन-तीन मिलिमीटरची फट स्पेसर लावून सोडावी आणि ती व्हाइट सिमेंटने मुळीच भरू देऊ नये, कारण भिंत आणि जमीन वेगवेगळ्या हलतात, सिमेंटला केसासारखी चीर जाते आणि नेमके तिथूनच पाणी आत शिरते. तिथे सिलिकॉन हवे, तेही न्यूट्रल. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन संगमरवरावर डाग पाडते, आणि तुझा उंबरठा संगमरवराचा आहे. फट कोरडी करून दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी, सिलिकॉन भरल्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट एकाच दमात फिरवावे आणि लगेच टेप ओढून काढावी. त्यानंतर निदान २४ तास तिथे पाणी लागू देऊ नकोस; हे घरातल्या मंडळींना पटवणे मिस्त्रीला पटवण्याहून अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल असेल, तर मात्र हे सगळे थांबव. स्कर्टिंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. आधी नहाणी ट्रॅपभोवतीचा (जमिनीतले सांडपाणी जाळीखाली ज्यात उतरते त्या भांड्याभोवतीचा) सांधा तपासून जमिनीचा वॉटरप्रूफिंगचा लेप भिंतीवर फूटभर चढवून घ्यावा लागेल. उरलेल्या टाइलचा खोका माळ्यावर असेल, तर त्यावरचा शेड आणि बॅच नंबर कळव, म्हणजे दुकानात विचारून ठेवतो.

सौ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव