मासे आणायची घाई करू नकोस

नागपूर
3 जून

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, लेकीसाठी दोन फुटी टाकी आणली, रविवारी मासे सोडतो. तेवढ्यात लाईन कटली, म्हणून लिहितो. टाकी भर, झाडं लाव, पण मासे इतक्यात आणू नकोस.

मागच्या वर्षी मी तेच केलं होतं. सकाळी टाकी भरली आणि संध्याकाळी बारा मासे सोडले. चौथ्या दिवशी ते पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, कल्ले लालभडक झालेले. आठवड्यात नऊ गेले. दुकानदार म्हणाला, मासे नाजूकच असतात. पण दोष माशांचा नव्हता, पाणी कोरं होतं. ते नऊ मासे मला अजून दिसतात.

माशांच्या कल्ल्यांतून आणि घाणीतून अमोनिया सुटतो. मुरलेल्या टाकीत एक जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी. नायट्रेट मात्र फार साचू दिलं नाही तर त्रास देत नाही, झाडं ते खतासारखं ओढून घेतात. हे जीवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. रेतीवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर थर धरून बसतात. तो थर बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

या खेपेला संक्रांतीला टाकी भरली, थंडी होती म्हणून हीटर लावून पाणी 26 अंशांवर ठेवलं, आणि मासे नसताना रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिलो. ते कुजलं की अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना खाऊ मिळतो. आई म्हणे, ‘मासोयाच नाही, आन् खाऊ कोनाले घालतं?’ दर दोन दिवसांनी नळीत टाकीचं पाणी घेऊन तपासणी किटचे थेंब टाकायचे, रंगावरून विष किती ते कळतं. अमोनियाची नळी आधी पिवळी, मग हिरवी, पुढे गर्द हिरवी. तिसऱ्या आठवड्यात ती उतरू लागली आणि नायट्राइटची निळी नळी जांभळी झाली. सहाव्या आठवड्यात एका सकाळी एक स्वच्छ पिवळी, दुसरी स्वच्छ निळी, म्हणजे दोन्ही विषं संपली. मी त्या दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात कितीतरी वेळ धरून उभा होतो.

रेती कन्हान नदीचीच घेतली, बांधकामावर असते ती. चाळून दहा-बारा बादल्या पाण्यानं धुतली, तेव्हा कुठे गढूळपणा गेला. तू घेशील त्या रेतीवर आधी थोडं व्हिनेगर टाकून बघ. फसफसली तर तिच्यात शिंपल्यांचा चुना आहे, पाणी जड, म्हणजे क्षारांचं करेल. झाडांत वॅलिस्नेरिया लाव, गवतासारखी लांब पानं असतात, ती आडवे धुमारे सोडत आपली आपण पसरते. अनुबियासचा कंद रेतीत पुरू नकोस, सडतो. दोऱ्यानं दगडाला बांध. दिवा सात-आठ तासच, जास्त झाला की शेवाळ. आणि दुपारी एकदा लेकीला समोर बसव. उजेड पुरेसा झाला की पानांच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे धरतात आणि एकेक सुटून वर जातात. तो झाडांनी सोडलेला ऑक्सिजन.

आता उन्हाचं. तुझं चंद्रपूर नागपुराला हार जात नाही. नवतपात, मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, माझ्या टाकीचं पाणी 33 अंशांवर गेलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, मासे वर येतात. बर्फाची बाटली टाकलीस तर पाणी झटकन गार होतं आणि तितकंच झटकन तापतं, माशांना तेच सोसत नाही. मी झाकण काढून वर जाळी ठेवली आणि लहान पंखा पाण्यावर तिरपा लावला. पारा 29 वर आला. आपला कूलर चालतो तीच गोष्ट, कोरड्या हवेत पाणी उडतं आणि उरलेलं गार होतं. मात्र रोज दीड-दोन लिटर पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, तेव्हा ती तूट आरओच्या पाण्यानं भर. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलशील ते नळाचं चालेल, फक्त क्लोरीन मारायचे थेंब आधी टाक.

निऑन टेट्रा मासा लेकीला आवडेल, पण त्या माशाला मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि गार पाणी लागतं. गप्पी मासे आण. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेव, नाहीतर नर मादीला दमवून टाकतो. माझी एक मादी गेल्या महिन्यात व्याली. पिल्लू गुंडाळी होऊन बाहेर पडलं, क्षणभर खाली गेलं, उलगडलं आणि थेट वॅलिस्नेरियाच्या पानांत शिरलं. अकरा वाचलीत, ती तुझ्या लेकीची.

दुधाला विरजण लागतं तसं टाकीला मुरलेल्या टाकीतलं काही मिळालं की काम लवकर होतं. माझ्या फिल्टरमध्ये दोन स्पंज आहेत. एक टाकीच्याच पाण्यात, अर्धी पिशवी हवा ठेवून आणतो, वाळला तर जीवाणू मरतील. वॅलिस्नेरियाचे धुमारेही ओल्या पेपरात गुंडाळून आणतो. रविवारी सकाळच्या एसटीनं निघतो. तोवर रेती धुऊन ठेव, स्टँड लेव्हलमध्ये आहे का बघ, 56 लिटर पाणी नि वर रेतीचं ओझं आहे त्याच्यावर. अकरा पिल्लं पुढच्या खेपेला.

तुझा,
दिन्या