सायकलवाल्या काकांना, त्या तेवीस पिनांबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

नाव कुठे घालायचं नाही, फोटो काढायचा नाही आणि पैशाची गोष्ट तर करायचीच नाही, अशा तीन अटी तुम्ही त्या दिवशी घातल्यात. पत्र लिहायचं नाही असं मात्र म्हणाला नाहीत. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आमच्या अॅथलेटिक्स क्लबमधल्या मुलांचे आईवडील वाचतील, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली इतर मराठी मंडळी वाचतील आणि तुमच्या सूनबाई तुम्हाला वाचून दाखवतील. चष्मा फक्त कामाला लावता म्हणालात ना.

झालं असं, की त्या रविवारी जिल्हा स्पर्धेसाठी आम्ही सोळा मुलं घेऊन एलएनआयपीईच्या, म्हणजे लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेच्या, ट्रॅकवर येत होतो. निंबाळकर गोठ, जनकगंज, कंपू अशी ठिकठिकाणची पोरं, दोन टेम्पोंत कोंबलेली. ग्वाल्हेरचा डिसेंबर तुम्हाला काय सांगायचा! फुलबागेपाशी धुक्यात पुढचा टेम्पोही दिसेना, नुसता त्याचा हॉर्न ऐकू येत होता. राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीच्या बाजूला बघून मुलींनी सवयीने हात जोडले. दिसत काहीच नव्हतं. त्यातल्या एकीने विचारलं, "ही संस्था पण राणीच्या नावाची ना?" म्हटलं, हो, 1857 ला शंभर वर्षं झाली तेव्हा, 1957 मध्ये सुरू झाली, म्हणून तिचं नाव. तेवढ्यात गेट आलं आणि इतिहास तिथेच राहिला.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय तुमचे आभार अर्धेच होतील. आमचा सराव मातीच्या मैदानावर चालतो. मातीत लांब पिना लागतात, म्हणून आमच्या स्पाइक्सच्या, म्हणजे तळव्याला पिना बसवलेल्या पळायच्या बुटांच्या, चारही जोडांना 12 मिलिमीटरच्या पिना होत्या. चार जोड आणि वापरणाऱ्या मुली सहा. एकीची शर्यत झाली की बूट दुसरीच्या पायात, टाचेला कापूस कोंबून. सिंथेटिक ट्रॅकवर 9 मिलिमीटरच्या वरची पिन चालत नाही. 12 ची सूट आहे ती उंच उडीला आणि भालाफेकीला. लांब पिनेने रबर फाटतं, आणि तो ट्रॅक काही दर वर्षी घालता येत नाही. हे मला पाठ आहे, मुलांनाही मीच शिकवते. पिना शनिवारी बदलायच्या होत्या. शनिवारी जन्मदाखल्यांच्या झेरॉक्स आणि छातीवरचे नंबर यांत रात्र झाली. "उद्या तिथेच बदलू, पाच मिनिटांचं काम," असं मी म्हणाले. मीच म्हणाले, दुसरं कुणी नाही.

कॉल रूमच्या, म्हणजे शर्यतीआधी पंच बूट तपासतात त्या खोलीच्या, बाहेर बूट उलटे केले आणि पाना लावला. पहिल्या बुटाच्या चार पिना निघाल्या, पाचवीवर पाना सटकला. मातीवर पाणी मारतात, सकाळी दंव असतं, आणि मुली बूट तसेच पिशवीत टाकतात. वर्षभराचा गंज आट्यांत बसला होता. चार जोड, एका बुटाला सात, म्हणजे छप्पन्न पिना. तेहतीस निघाल्या, तेवीस राहिल्या. कडा झिजून गोल झाल्या होत्या, पान्याला पकडायला काही उरलंच नव्हतं. आणि मग जे कधी करू नये ते मी केलं. मुलीवर ओरडले. "बूट वाळवायचे कळत नाही का?" असं, पक्कड शोधत गेटबाहेर आलो होतो तिथे रस्त्यावर उभी राहून, मोठ्याने.

तुम्ही कडुलिंबाखाली चहा घेत होता. मी हिंदीतच विचारणार होते, भैया, प्लास है क्या? त्याआधीच तुम्ही म्हणालात, "बाई, पोरीवर ओरडून पिन निघायची नाही. आणा इकडे."

काका, गेटासमोर सायकलचं दुकान आहे हे मी किती वर्षं बघते आहे. दुकानात मराठी माणूस बसतो हे त्या दिवशी कळलं.

पुढची चाळीस मिनिटं मी तुमच्या हातांकडे बघत होते. आधी दाभणाने प्रत्येक पिनेच्या मुळाशी अडकलेली माती काढलीत, रॉकेलचा एकेक थेंब सोडलात आणि बूट बाजूला ठेवून दिलेत. मी घाई करत होते. तुम्ही चहा संपवलात. "त्याला आत उतरू द्या, तो काम करतोय." एका मुलाने सुचवलं की मेणबत्तीने तापवू या, तर त्याला बुटाचा तळवा दाखवलात, "हे प्लास्टिक आहे राजा, पिन राहील आणि बूट जाईल." मग लॉकवाली पक्कड घेतलीत. मला वाटलं, आता उलटं फिरवणार. तुम्ही आधी केसभर घट्ट केलीत. टक् असा बारीक आवाज आला, गंज तुटल्याचा, आणि मग पिन सुटी झाली. मी इतकी वर्षं पाना फिरवते आहे, आधी घट्ट करून मग सैल करायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलींना लगेच कळलं. सहाव्या पिनेपासून त्या सगळ्या मिळून तो टक् ऐकायला कान लावून बसल्या होत्या.

दरम्यान एक गृहस्थ पंक्चर घेऊन आले. अजून तुमची भवानी व्हायची होती, ज्याला बाजारात बोहनी म्हणतात. त्यांना तुम्ही बाकावर बसवलंत. ते आधी वैतागले, मग तेही पिना मोजायला लागले.

अठरा निघाल्या. पाच काही केल्या हलेनात. माझं तोंड पडलं. तेव्हा तुम्ही आतल्या फळीवरून मेणकापडात गुंडाळलेलं ते पुडकं काढलंत. जे. सी. मिलमध्ये फिटर होता, तेव्हापासूनचं मापं घ्यायचं व्हर्नियर. मिल बंद पडली, तिथलं सगळं सामान कुठे कुठे गेलं, हे मात्र तुमच्याकडे राहिलं. चष्मा चढवून विचारलंत, "किती चालते म्हणालात?" नऊ. "मग आठ ठेवतो. मोजणाऱ्याशी वाद नको." त्या पाच पिना बुटातच ठेवून, बूट वाइसमध्ये चिंध्या लावून धरलात आणि कानशीने घासल्यात. नुसतं टोक कापून भागत नाही, पुढचा निम्मा भाग 4 मिलिमीटरच्या चौकोनी गेजमधून, म्हणजे मापाच्या भोकातून, जावा लागतो, हे मी चाचरत सांगितलं. वाटलं, आता चिडाल. तुम्ही म्हणालात, "हे आधी सांगायचं," आणि बाजूही घासून दिल्यात. एक पिन, एक मोजणं. पाचही वेळा.

आम्हाला एवढा वेळ मिळाला तो धुक्यामुळे. साडेनऊच्या शर्यती पुढे ढकलल्या होत्या. हाताने वेळ घेणारे पंच बंदुकीचा धूर बघून घड्याळ दाबतात. आवाजावर दाबलं तर शंभर मीटर पलीकडे आवाज पोचायलाच सुमारे 0.3 सेकंद जातात, आणि तेवढ्यात निकाल इकडचा तिकडे होतो. धूर दिसत नव्हता म्हणून सगळे थांबले होते. धुक्याला आम्ही येताना शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतल्या.

छोट्या पिना दुसऱ्या एका क्लबच्या सरांनी दिल्या. त्यांचेही आभार, खरं तर त्यांच्या मुली आमच्या मुलींच्याच शर्यतीत होत्या. त्यांच्या डबीत चाळीस होत्या आणि रिकामी भोकं एक्कावन्न. उरलेली अकरा भोकं तशीच ठेवून पळालो. कॉल रूममध्ये पंचांनी गेज लावलं. घासलेल्या पिनेवर त्यांचा अंगठा जरा थांबला, माझा श्वासही. मग त्यांनी बूट परत दिला, दुसरा मागितला.

निकाल तुम्हाला माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी लिहिते. शंभर मीटरला आमची एक मुलगी अंतिम फेरीत गेली आणि सहावी आली. लांब उडीत दोघी होत्या, एकीच्या तीनही उड्या फाउल. गोळाफेकीला मुलगे बरे खेळले. आणि 16 वर्षांखालील मुलींच्या 4×100 रिलेत तिसरा नंबर. तिसरी बॅटन फार वाईट दिली. शेवटची मुलगी लवकर सुटली, मग बॅटन घ्यायची 30 मीटरची हद्द संपत आली तशी घाबरून जवळजवळ उभीच राहिली. नाहीतर दुसऱ्या आलो असतो. पण ते आमच्या सरावाचं, तुमच्या पक्कडीचं नाही. तुम्ही घासलेल्या पाच पिनांचा जोड तिसऱ्या मुलीच्या पायात होता. वळण तिने असं घेतलं, की शेजारच्या लेनवालीशी असलेलं अंतर तिथेच तुटलं.

दुपारी आम्ही सगळे तुमच्याकडे आलो. पदक तुमच्यापुढे धरलं तर तुम्ही त्याच्याकडे बघितलंच नाहीत. आधी बूट मागितलात, उलटा केलात आणि एकेक पिन अंगठ्याने हलवून पाहिलीत. "पळताना सैल नाही ना झाली?" नाही म्हटल्यावर मग पदक हातात घेतलंत आणि मागच्या बाजूने बघितलंत, कडी नीट बसवली आहे का ते. पोरं हसली. मला हसू आलं नाही. मी सकाळी रस्त्यावर कुणाला काय बोलले होते ते आठवत होतं. त्या मुलीची मी टेम्पोत माफी मागितली. ती म्हणाली, "बाई, काकांनी मला पक्कड धरायला दिली होती," म्हणजे तिच्या लेखी सकाळ छान गेली होती.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणलेली तिळाची गजकही दात नाहीत म्हणून परत केलीत, आणि तुमच्या नातवाने ती माझ्या हातातून परस्पर घेतली, हे तुम्हाला आत्ता कळत असेल. त्याला रागावू नका.

तुम्ही सांगितलेलं सुरू केलं आहे. सरावानंतर बूट पिशवीत जात नाहीत, कठड्यावर उलटे वाळतात. दर शनिवारी पिना काढून आट्यांना तेलाचं बोट. पहिल्या शनिवारी मुलींनी इतकं तेल घातलं, की तळवे चकाकत होते आणि मैदानावरची सगळी माती त्यांनाच चिकटली. तेल किती, हे तुम्ही सांगितलं नव्हतं.

त्या पाच पिना अजून बुटातच आहेत. घासून आठच्या झाल्या, त्यामुळे मातीवर तो जोड घसरतो, आणि बाहेर काढायची माझी हिंमत होत नाही. येत्या बुधवारी चारही जोड घेऊन येते. रिलेत तिसरी पळालेली मुलगी सोबत असेल, पक्कड तीच धरणार म्हणते. सकाळी नाही येत, दुपारी येते, तुमची भवानी झाल्यावर.

आपली नम्र,
क्लबची बाई, जी रस्त्यावर ओरडत होती