करंगळीपुरता हयात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला यंत्रदृष्टीवरचा, म्हणजे यंत्रानं चित्रं-चेहरे ओळखण्यावरचा, लेख वाचला. चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत 2012 साली दुसऱ्या नंबरवाल्याच्या चुका 26 टक्के, पहिल्या आलेल्या टोरांटो विद्यापीठवाल्यांच्या 15. 2015 च्या विजेत्याच्या 4 हूनही कमी. त्या टोरांटोवाल्यांच्या गुरूंना, हिंटनसाहेबांना, 2024 चं नोबेल. आनंद आहे. त्या स्पर्धेतल्या हजार प्रकारांत कुत्र्यांच्याच शंभरावर जाती होत्या म्हणे. कुत्र्यांची सोय झाली. माझं काय?

लेखकमहोदयांनी एकदा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांच्या रांगेत उभं राहावं. मी 31 वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवले. उजव्या हाताच्या बोटांवरच्या रेषा शिशानं कधीच खाल्ल्या, त्यात नागपूरच्या थंडीत कातडीला भेगा. रेषा कुठं संपते, कुठं फाटा फुटतो, हे यंत्र शोधतं. रेषाच नाहीत तर बिचारं काय शोधणार? तीन खेपा लाल दिवा. काउंटरवरचा पोट्टा भला. म्हणाला, "काकाजी, डोक्यावरून हात फिरवा न जरासा, तेल लागते बोटाले." डोक्यावर केस असते तर लागलं असतं! मग मोबाईलसमोर चेहरा धरून पापण्या मिचकावायला लावलं. खिडकीचा उजेड मागून येत होता, तेही जमलं नाही. हा पोट्टा मला दहा वर्षं ओळखतो, माझ्या नातवाचं कोणत्या कॉलेजात चाललंय तेही त्याला ठाऊक. पण त्याच्या ओळखण्याला तिथं दिडकीची किंमत नाही. हयातीचा दाखला यंत्र देणार.

चौथ्या खेपेला डाव्या हाताची करंगळी चालली. जुळाऱ्याच्या डाव्या हातात खिळे रचायची स्टिक असते, खिळे उजवा उचलतो, म्हणून ती तेवढी शाबूत. तेवढ्यापुरता मी अजून जिवंत आहे. पुढच्या वर्षी तिला विळी लागली तर काय करायचं, हे लेखात नाही.

आणखी एक. बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय 1897 साली कलकत्त्यात निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस राबले, नाव मात्र त्यांच्या इंग्रज पोलीस-वरिष्ठाचं, हेन्रीसाहेबाचं लागलं. पानभर मजकुरात त्या दोघांना एक ओळ मिळू नये? की टोरांटोच्या पलीकडचं यंत्रदृष्टीत बसत नाही?

आता शेवटचं, आणि हे मला खरोखर बोचलं. पहिल्याच परिच्छेदात 'प्रतिमा विश्लेषण'चं 'प्रतिभा विश्लेषण' छापलंय. म आणि भ! भ ची शिरोरेघ तुटते, म ची तुटत नाही. आम्ही ते शिशात उलटं वाचून ओळखायचो, तेही मिणमिणत्या बल्बखाली. आमच्या छापखान्यात असा भ गेला असता तर फोरमननं प्रूफ तोंडावर मारलं असतं. तुमच्याकडे आता मुद्रितशोधक आहेत की तेही काम यंत्राकडे दिलंय?

दुरुस्ती छापणार असाल तर कृपया पहिल्या पानावर छापा. आतल्या पानावरचा टाईप मला चष्म्यानंही दिसत नाही.

आपला,
एक निवृत्त जुळारी (अद्याप हयात)
इतवारी, नागपूर