आमच्या हायस्कूलच्या क्लार्क भाऊंना, एका आईकडून

भाऊ, नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितेय. हातात दिलं असतं तर तुम्ही "असांदे वयनी" म्हणून घडी करून खिशात टाकलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर दहावीच्या पोरांचा सत्कार झाला, पहिल्या तिघांना ट्रॉफी, सरांना बाईंना नारळ, मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची भाषणं, ते सगळं योग्यच होतं, पण तेवढा सगळा वेळ तुम्ही माईकची वायर ओल्या जमिनीवर पडू नये म्हणून हातात धरून उभे होतात आणि तुमचं नाव एकदाही कोणी घेतलं नाही. मी मागच्या बाकावर होते. तेव्हाच उठून बोलावं असं फार वाटलं, पण एवढ्या माणसांत तोंडातून शब्द फुटेना. म्हणून आता मोबाईलवर बोलून लिहितेय, मुलगी मध्ये मध्ये चुका सुधारतेय.

ज्यांना आमचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमची वाडी देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला. आमचे हे ट्रॉलरवर खलाशी होते, २०२३ च्या एप्रिलमध्ये आजारी पडले आणि पंधरा दिवसांत गेले. तेव्हा मुलगा नववीत जाणार होता, मुलगी आठवीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मी हायस्कूलच्या ऑफिसात मुलाचा दाखला काढायला आले होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात जाणार होत्या आणि ओळखीच्या एका तांडेलाने, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाने, सांगितलं होतं की पोराला पाठव, हाताखाली घेतो. मला दुसरं काही सुचत नव्हतं. घरात तांदूळ किती दिवसांचा आहे ते मोजायचे दिवस होते ते.

तुम्ही माझा अर्ज घेतलात, वाचलात, ड्रॉवरमध्ये ठेवलात आणि म्हणालात, सही करायला हेडसर नाहीत, चार दिवसांनी या. भाऊ, मी बाहेर पडताना हेडसर केबिनमध्ये बसलेले बघितले होते. तेव्हा मला रागच आला, वाटलं गरीब बाई म्हणून फेऱ्या मारायला लावतायत. चार दिवसांनी आले तर तुमच्याकडे एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला कागदांची यादी लिहून तयार होती. मी तिथेच रडायला लागले आणि तुम्ही म्हणालात, "रडान काय होवचा नाय, कागद घेवन येवा." तो दाखल्याचा अर्ज तुम्ही मला परत दिलात, मी तो अजून जपून ठेवलाय.

ती यादी होती बालसंगोपन योजनेची. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण आमच्या भागात अजून कितीतरी जणींना वाटतं की ही योजना फक्त आईबाप दोन्ही नसलेल्या पोरांना आहे. तसं नाहीये. वडील किंवा आई एकच गेलं असेल तरी मुलाचा अर्ज करता येतो, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, आणि एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. तुमच्या यादीत मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं, तलाठ्याचा आणि मग तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक आणि घरासमोर मुलांसोबत उभं राहून काढलेला फोटो असं सगळं होतं. फोटो तुम्हीच येऊन काढलात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकासच्या ऑफिसकडे, जिल्ह्याच्या ठिकाणी ओरोसला जातो, पुढे बाल कल्याण समितीसमोर जातो. ओरोसला जायचं म्हणजे आमचा आख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. मध्ये एका ऑफिसने मला एकाच कागदासाठी तीनदा परत पाठवलं, तेव्हा तुम्ही दुपारचा डबा अर्धा टाकून फोन लावलात आणि तो कागद नक्की कसा पाहिजे ते मला लिहून दिलंत. हे काम तुमचं नव्हतं. शाळेच्या क्लार्कने हे करावं असं कुठेच लिहिलेलं नाही.

मग मुलीचं एनएमएमएस. आठवीतल्या मुलांची ही शिष्यवृत्तीची परीक्षा असते, बुद्धिमत्तेचा एक पेपर आणि शालेय विषयांचा एक, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे, आणि निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शिकवलं बाईंनी आणि सरांनी, सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवलं, त्यांचे उपकार आहेतच. पण मुलीचं नाव आधारवर एक आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला एक होतं, वडिलांच्या नावात एक अक्षर इकडेतिकडे, ते तुम्ही अर्जाच्या वेळीच पकडलंत, नाहीतर पैसे खात्यावर आलेच नसते. नववीच्या वर्गातल्या सगळ्या पालकांना बोलावून तुम्ही नाव, जन्मतारीख, आईचं नाव एकेक ओळ वाचून घेता ना, ते आधी मला उगाच वाटायचं. दहावीचा फॉर्म एकदा बोर्डाकडे गेला की पुढे दुरुस्तीला काय काय करावं लागतं ते शेजारच्या घरात बघितलं तेव्हा कळलं.

आणि तुमची ती निळी वही! शिष्यवृत्ती एकदा लागली की झालं असं सगळे धरून बसतात, पण दरवर्षी पोर्टलवर रिन्यू करावी लागते आणि तिथेच पोरांची सुटते. तुमच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे तारीख आणि आईचा नाहीतर आजीचा फोन नंबर. माझ्या मुलीचं यंदाचं रिन्यूअल मी विसरले होते, तुम्ही विसरला नव्हतात.

बातमी पोचवणं ही गोष्ट तुमच्याकडून शिकावी. सूचना फळ्यावर लिहिली, ग्रुपवर टाकली म्हणजे काम झालं असं तुम्ही कधीच धरलं नाही. आमच्या वाडीत रेंज यायला घाटी चढून वर सड्यावर जावं लागतं. जुलैमध्ये रेड अलर्ट येतो, कलेक्टरांचा सुट्टीचा निरोप रात्री नऊ-साडेनऊला ग्रुपवर पडतो आणि आमची पोरं सकाळी सहाला छत्री घेऊन साकवावरून निघालेली असतात, खाली पाणी कुठपर्यंत चढलंय ते अंधारात दिसत पण नाही. तुम्ही रात्रीच तिठ्यावरच्या दुकानदाराला फोन करायचात, तो वरच्या घराला हाक मारायचा आणि तिथून हाकेहाकेने निरोप खालपर्यंत यायचा. फॉर्मची शेवटची तारीख असेल तर वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायचात. मुलींचा एसटीचा पास मोफत असतो हे सुद्धा आमच्याकडच्या कितीतरी घरांना तुमच्या चिठ्ठीतूनच कळलं, त्याआधी दोन घरच्या मुली रोज तिकीट काढून जायच्या.

आता १३ मे २०२५ चं लिहिते, ते लिहायलाच खरं तर बसले.

त्या दिवशी दुपारी एकला दहावीचा निकाल लागला. सगळीकडे कोकण पहिला, कोकण पहिला. राज्याचा निकाल ९४.१० टक्के, आपल्या कोकण विभागाचा ९८.८२. ज्याच्या त्याच्या स्टेटसला पेढे. मी आंब्याच्या पेट्या भरायला गेले होते, फोन आला की मुलगा गणित आणि विज्ञानात गेला. भाऊ, शंभरातली नव्व्याण्णव पोरं पास होतात तिथे नापास होणारं पोरगं किती एकटं पडतं ते त्या दिवशी मी बघितलं. दुसरीकडे कुठे असता तर सोबतीला वर्गातली चार पोरं तरी असती. आमच्याकडे वर्गात हा एकटाच. संध्याकाळपर्यंत तो जेट्टीवर बसला होता, घरी आला तो आतल्या खोलीत गेला आणि कडी लावली. चूल पेटली नाही आमची. शेजारी पेढा द्यायला आले ते पण दारातूनच परत गेले, त्यांना तरी काय बोलावं सुचणार.

सातच्या सुमारास तुमची स्कूटर आली. तुम्ही खळ्यात बसलात, पाणी मागितलंत आणि आत हाक मारलीत, "ये झिला, भायर ये." तो आला. तुम्ही त्याला अभ्यास का केला नाहीस विचारलं नाहीत, बापाची आठवण काढली नाहीत, मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती होती. तुम्ही सरळ सांगितलंत की दोनच विषय आहेत, एटीकेटीने, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायचे धरून, अकरावीला ॲडमिशन मिळतं, ते नको असेल तर जूनच्या शेवटी पुरवणी परीक्षा आहे, फॉर्म शाळेतूनच भरायचा, उद्या दहाला ये. आणि मग बोटीच्या इंजिनाबद्दल काहीतरी विचारलंत. तो अर्धा तास बोलत होता. वडील गेल्यापासून एवढं बोललेला मी त्याला ऐकला नव्हता. मला त्या दिवशी कळलं की त्याला इंजिनात एवढा रस आहे, आईला माहीत नव्हतं ते तुम्हाला कसं माहीत होतं कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून गणिताचे सर गावी जायचे थांबले आणि मे महिन्याच्या सुट्टीत, शाळा बंद असताना, तुम्ही रोज येऊन एक वर्ग उघडून द्यायचात. एका पोरासाठी! सरांचं झालं की विज्ञानाची गेल्या वर्षांची प्रश्नपत्रिका तुम्ही समोर बसून सोडवून घ्यायचात, तुम्हाला उत्तरं येत नव्हती तरी घड्याळ लावून बसायचात, असं तो सांगतो.

जुलैअखेर निकाल लागला. गणितात ४१, विज्ञानात ४६. हे मार्क कुठल्या फलकावर लागत नाहीत, म्हणून इथे लिहिले. आयटीआयला मेकॅनिक डिझेलला त्याचं नाव लागलंय. वडिलांच्या ट्रॉलरवर ज्या इंजिनाचा आवाज ऐकत तो लहानाचा मोठा झाला तेच आता शिकणार आहे.

भाऊ, तुमचे आभार कसे मानायचे ते मला खरंच येत नाही. तुमच्यासमोर उभं राहिलं की मी नुसती हात जोडते आणि तुम्ही दुसरीकडे बघता. म्हणून इथे सगळ्यांदेखत म्हणते, माझी दोन्ही पोरं शाळेत राहिली ती तुमच्यामुळे. जून २०२३ मध्ये तुम्ही तो अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला नसतात तर आज माझा मुलगा जाळी ओढत असता आणि मुलगी दहावीला बसायची राहिली असती.

गणपती तोंडावर आलेत, शाळेला सुट्टी पडायच्या आधी सोमवारी मी येतेय. कुळथाचं पीठ आणतेय घरचं, नाही म्हणायचं नाही. आणि सोबत खालच्या वाडीतली एकजण आहे, तिचा नवरा शिमग्याच्या आधी गेला, मुलगा सहावीत आहे. तिचे कागद मी बघून ठेवलेत. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक आहे, घरासमोरचा फोटो काढून झाला. उत्पन्नाचा दाखला तेवढा बाकी आहे, तलाठ्याकडे काल जाऊन आलो आम्ही दोघी, शुक्रवारी मिळेल म्हणालेत.

तुमची,
दहावीतल्या मुलीची आणि यंदा पास झालेल्या मुलाची आई