टेम्पो त्याच्या नावावर, कर्ज माझ्या नावावर : कायदामंत्र्यांना खुलं पत्र

माननीय कायदामंत्री, कर्नाटक सरकार, यांस,

सा. न. वि. वि. मी खानापूर तालुक्यातली. मराठी शाळेत दहावी झाले, काजूच्या कारखान्यात कामाला जाते. तुमचा वेळ घेतल्याबद्दल माफी असावी.

परवा सोमवारी बेळगावच्या कोर्टात माझ्या पोटगीची अकरावी तारीख होती. दर महिन्याला 4,000 रुपयांचा हुकूम झालाय, 11 महिन्यांचे 44,000 थकलेत. नवऱ्याच्या वकिलांनी सांगितलं, अशिलानं नादारीचा, म्हणजे दिवाळखोर ठरवा असा अर्ज केलाय, त्याची ऐपत नाही. पुढची तारीख दीड महिन्यानं पडली. घरी आले तर अंगणात मायक्रोफायनान्सचे, म्हणजे बायकांना छोटं कर्ज देणाऱ्या कंपनीचे, वसुलीवाले दोघं बसलेले. संध्याकाळचे साडेसात झाले होते. हप्ता घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. शेजारच्या बायका दारादारात उभ्या होत्या. माझी नऊ वर्षांची लेक चुलीमागं जाऊन बसली, जेवलीसुद्धा नाही.

साहेब, 2025 मध्ये तुमच्याच सरकारनं कायदा केला ना? जबरदस्तीनं वसुली केली तर 10 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड. रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे, अशा कर्जासाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर तगादा लावायचा नाही. मी ठाण्यात फोन केला. उत्तर मिळालं, पैशाचा मामला आहे, आपसात मिटवा.

हे कर्ज कसलं, तेही ऐका. तीन संघांचं, म्हणजे बायकांच्या कर्जगटांचं, मिळून 1 लाख 35 हजार. सही माझी, फोटो माझा, आधार माझं. पैसा नवऱ्याच्या टेम्पोत गेला आणि टेम्पो त्याच्या नावावर. आता तो विकून नवरा गोव्यात आहे. पकड वॉरंट गोव्याला जातं आणि पत्त्यावर सापडला नाही म्हणून परत येतं. कर्ज देताना नियमाप्रमाणे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक घर धरतात, सगळ्यांची कमाई एकत्र मोजतात. मग घर मोडल्यावर हप्ता एकट्या बाईनं का भरायचा? घर त्याचं, टेम्पो त्याचा. चौदा वर्षं मी त्या घरात राबले, शेण काढलं, सासऱ्यांचं दुखणं काढलं, त्याचा वाटा कुठल्या कायद्यात लिहिलाय? आपल्याकडं घटस्फोटात नवऱ्याच्या नावावरच्या मिळकतीत बायकोला हिस्सा नाही. मागा पोटगी आणि घाला खेपा.

कुणी म्हणालं, तूही नादारी घे. मोफत कायदा सेवेतल्या वकीलबाईंनी समजावून सांगितलं. 2016 च्या दिवाळखोरी संहितेत गरिबांसाठी तरतूद आहे. वर्षाची कमाई 60,000 च्या आत, देणं 35,000 च्या आत, स्वतःचं घर नाही, अशांना नव्यानं सुरुवात करू द्यायची. पण साध्या माणसांसाठीचा तो भाग अजून लागूच केलेला नाही! आम्हाला अजून 1920 चा, इंग्रजाच्या वेळचा कायदा. माझं देणं तर त्या 35,000 मध्येही बसत नाही. बुडालेल्या कंपन्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण, बाईसाठी शंभर वर्षांचा जुना कागद. हे दिल्लीचं काम म्हणाल. मग दिल्लीला लिहा की, तुम्ही मंत्री आहात.

त्याच 1920 च्या कायद्यात कलम 44 आहे. नादाराची बाकी देणी सुटली तरी कोर्टानं ठरवलेली पोटगी सुटत नाही. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही पोटगीचा हक्क सावकारांच्या आधी धरला. 2020 पासून दोघांनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरलंय. मी दिलं, त्यात कानातले दोन ग्रॅमसुद्धा लिहिले. त्यानं दिलं नाही. टेम्पोचे पैसे कुठं गेले, हे त्याला कोण विचारणार?

आणि मला येणारा प्रत्येक कागद कन्नडमध्ये. नादारीच्या अर्जाची नोटीस मी कारखान्यातल्या मुकादमाकडून वाचून घेतली. माझ्या संसाराची लक्तरं त्यानं चार बायकांसमोर मोठ्यानं वाचली. जिथं 15 टक्क्यांवर दुसऱ्या भाषेचे लोक आहेत, तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्यायच्या, असं आम्ही लहानपणापासून ऐकतोय. सीमेचा दावा 2004 पासून दिल्लीत पडून आहे. तो निकाल लागेल तेव्हा लागो, तोवर मला वाचता येईल असा कागद द्यायला कुणाची हरकत आहे? बेळगावात विधिमंडळाच्या अधिवेशनासाठी सुवर्ण विधानसौध 2012 मध्ये उभं राहिलं. डिसेंबरात तिथं गाड्यांचे ताफे येतात, आम्ही रस्त्याकडेला बसमध्ये अडकून बसतो. एका तरी अधिवेशनात आमच्या हप्त्यावर तासभर बोला.

तुमच्या सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेत घरातल्या कुटुंबप्रमुख बाईला मिळणारे महिन्याचे 2,000 सुद्धा सासूच्या खात्यात जातात, कारण रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख ती. माझं नाव वेगळं करायला गेले तर घटस्फोटाचा हुकूम आणा म्हणतात. तो हुकूम कधी होणार, ते सांगायला कुणी तयार नाही.

मला कर्ज बुडवायचं नाही. माझ्या वाट्याचं मी फेडीन. पण टेम्पोचं देणं टेम्पोवाल्याकडून घ्या, माझी पोटगी सावकाराच्या आधी द्या, आणि अंधार पडल्यावर माझ्या दारात कुणाला बसू देऊ नका.

मंगळवारी पुन्हा हप्ता आहे, 2,150 रुपये. ते दोघं परत आले तर मी कुणाला फोन करायचा, एवढं कळवा. मराठीत कळवा.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक नागरिक