भाजीची चिठ्ठी घर मोजून लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘भाज्या-फळे भरपूर खा’ हे मधुमेहाच्या रुग्णाला सांगितले जातेच. पण महिनाअखेरीस ज्याच्या घरात धान्यच उरत नाही, त्याने त्या सल्ल्याचे काय करावे? म्हणून डॉक्टरांनी औषधासारखी ताज्या भाजीचीही चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर जवळच्या शेतकऱ्यांचा माल मोफत मिळावा, हा विचार आम्हाला मनापासून पटतो. अमेरिकेत २०१८च्या कृषी कायद्याने अशा चिठ्ठ्यांसाठी सरकारी निधीची सोय केली. मात्र मात्रा चुकली तर औषधाचा गुण येत नाही, तसेच इथेही होते.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या हव्यात. बटाट्यासारखे पिष्टमय कंद त्यात मोजत नाहीत. एकट्या रुग्णाचा हिशेब केला तर आठवड्याला २.८ किलो होतात. पण भाजी शिजते एकाच पातेल्यात. घरात चार मोठी माणसे असली, की रुग्णाच्या ताटात रोज जेमतेम १०० ग्रॅम पडतात. आणि आई असेल तर तेवढेही नाही, ती मुलांना आधी वाढते. अशा घराची चिठ्ठी ११.२ किलोचीच हवी.

चिठ्ठी कोणाला द्यायची, हे दोन प्रश्नांत कळते : गेल्या १२ महिन्यांत, पैसे हाती येण्याआधी अन्न संपेल अशी काळजी वाटली का? आणलेले अन्न पुरले नाही, पुन्हा आणायला पैसे नव्हते, असे झाले का? एकाचेही उत्तर ‘कधीकधी’ किंवा ‘बऱ्याचदा’ आले, तर चिठ्ठी द्यावी. हे रांगेत, चारचौघांत विचारू नये. लाजेने माणूस ‘नाही’ म्हणतो.

लिहिण्याआधी चालू औषधे पाहायलाच हवीत. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्याने पालेभाज्या एकदम वाढवल्या, तर त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम घटतो. त्याला पालेभाजी बंद करायची नसते, दर आठवड्याला सारखी द्यायची असते. मूत्रपिंडे निकामी होत असतील तर आहारातले पोटॅशियम मर्यादित ठेवावे लागते. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकल्यास भाजीतले पोटॅशियम बरेच कमी होते. इन्सुलिन घेणाऱ्याने भाजी वाढवून भात-भाकरी कमी केली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

फ्रिज नसलेल्या घरी आठवड्याची पालेभाजी एकदम देऊ नये. ती पहिल्या दोन दिवसांपुरती, बाकी भोपळा, गाजर, कोबी असा टिकाऊ माल. पिकती फळे वेगळ्या पिशवीत द्यावीत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने पिवळी पडतात. वाटप तपासणीच्या दिवशी दवाखान्यातच व्हावे. वेगळा हेलपाटा पडला की चिठ्ठ्या घरीच राहतात.

साखरेवरचा परिणाम तीन महिन्यांच्या आत मोजू नये. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत कुटुंबाला आठवड्याला दहा जेवणांचे अन्न देऊनही, सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या साखरेतली घट योजनेबाहेरच्या गटापेक्षा विशेष वेगळी नव्हती. म्हणून औषधे आणि तपासण्या सुरूच ठेवाव्यात. आणि साखर उतरली नाही म्हणून चिठ्ठी थांबवू नये; घरातली उपासमार तिने कमी केली का, हेही तितकेच मोजावे.

शेतकऱ्याचे पैसे आठवड्याच्या आत चुकते व्हावेत. पालेभाजी महिनाभरात हाती येते, फळभाज्यांना दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे किती घरांना किती किलो लागणार, हा आकडा त्याला पेरणीआधी कळवावा.

आपले,
सामुदायिक आहारशास्त्रात काम करणारे वाचक